डावा खांदा

पहिल्या दिवशी इंगा फ्लेट काही बोललीच नाही.
कुंपणाच्या खांबाला टेकून तिनं
फ्लास्कमधला चहा संपवला, तेवढ्यात मी
चौदा चेंडू मारले:
नऊ समुद्राकडे, चार गवतात,
आणि एक अशा ठिकाणी की मेंढीनं मान वर करून
माझ्याकडे पाहिलं.
मग झाकण फिरवत ती म्हणाली,
"आधी पिशवी उतरव."
"कुठली पिशवी?"
"पोस्टाची. अजून खांद्यावरच आहे तुझ्या."

आमच्या ऑर्कनीतल्या या बेटावर होल नऊच.
मेंढ्या शिरू नयेत म्हणून हिरवळीभोवती तारा,
फी टाकायला बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
दहावा होल म्हणजे वारा, असं इथं म्हणतात,
त्यात सगळ्यांचेच चेंडू जातात.
इंगाचा बाप हे गवत राखायचा.
तिनं इथं डॉक्टरला शिकवलं, पाद्र्याला शिकवलं,
बोट बिघडून आठवडाभर अडकलेल्या
दोन नॉर्वेजियन खलाशांनाही.
आता तिचे गुडघे गेलेत. ती खेळत नाही,
बघते.

आणि बघते तेही चेंडूकडे नाही.
"तो कुठं गेला ते त्यालाच ठाऊक.
मला तुझी टाच बघू दे."
टाच, गुडघा, कंबर, मग खांदा,
हात सगळ्यांच्या मागून,
जेवणाला उशिरा आलेल्या पाहुण्यासारखे, गुपचूप.
"मारू नकोस रे, मॅग्नी.
मारायची घाई हातांना. हात आगाऊ असतात."
आणि पकड?
"कोकराचा पाय धरतोस तशी.
सुटू नये, दुखू नये."

दुसऱ्या आठवड्यात तिनं खरोखरच पिशवी आणली,
कॅनव्हासची, ओल्या वाळूनं भरलेली,
आणि उजव्या खांद्यावर अडकवली माझ्या.
"दोन फेऱ्या. काठी नाही, चेंडू नाही."
मी चाललो. परक्या माणसासारखा चाललो.
पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते
तसा डावा खांदा पुन्हा पुन्हा वर व्हायचा,
तिथं काहीच नसायचं.
सहाव्या होलपाशी, का कोण जाणे,
थोरा रेंडॉलचं फाटक आठवलं.
ॲबर्डीनच्या हॉस्पिटलचं पाकीट होतं.
मी तिच्या घरावरून दोनदा पुढं गेलो होतो तेव्हा,
सगळं गाव वाटून झाल्यावर
शेवटी टाकलं.
इंगाला हे सांगितलं नाही.
तिनंही विचारलं नाही, मी तिथं का थांबलो होतो.

मेच्या शेवटी, रात्री दहाचं ऊन होतं,
एक चेंडू लागला.
म्हणजे लागला असं कळलंच नाही.
हाताला काही जाणवलं नाही,
नुसता बाटलीचं बूच निघावं तसा आवाज,
आणि मी वळून उभा, पोट समुद्राकडे,
उजवी टाच हवेत,
कुणीतरी हलकेच फिरवून ठेवल्यासारखा.
चेंडू वाऱ्याच्या खालून गेला.
इतका वेळ गेला की
पडलेला पाहायचं राहून गेलं.

"हा कुणी मारला?" इंगानं विचारलं.
"माहीत नाही."
"मग बरोबर आहे."

पुढचे अकरा पुन्हा समुद्राकडे.

पैसे विचारले तर म्हणाली, डब्यात टाक.
फाटकापर्यंत सोबत आली, हळूहळू,
एकेक गुडघा समजावत.
मग म्हणाली, "एकतीस वर्षं
दाराआडून तुझी पावलं ऐकली मी खडीवर.
डावा पाय जड पडायचा.
तेव्हाच सांगणार होते,
पण तू पत्र टाकून
लगेच निघालेला असायचास."